पांढरी गच्ची पांढरी राहते का?

(मंडळाच्या मासिक व्याख्यानमालेत जून महिन्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानासाठी विषय विचारला तेव्हा मी चिटणीसांना 'गच्चीवरची धूळ' असं सांगितलं. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. इथे आजवर संतसाहित्यावर, निजामाच्या काळातल्या मराठी शाळांवर, नाट्यसंगीतावर चांगली भाषणं झाली आहेत. त्या ओळीत धूळ कुठून आली, असं कुणालाही वाटेल. पण माझा सगळा जन्म इमारती बांधण्यात गेला, आणि या मे महिन्यात याच धुळीने मला माझी एक चूक दाखवली. तीच आज तुमच्यासमोर मांडणार आहे.

आमच्या थोरल्या वहिनी काचीगुड्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. वर थेट गच्ची. चार वर्षांपूर्वी पुतण्याने विचारलं, "काका, आईची खोली फार तापते, काय करावं?" मी सांगितलं, गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग दे. त्याने दिला. पहिल्या उन्हाळ्यात वहिनींनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "भाऊजी, यंदा दुपारी डोळा लागतो हो." मी खूश झालो. डब्यावर दहा वर्षांची हमी लिहिली होती. मी पुतण्याला म्हणालो, "आता दहा वर्षं वर बघायला नको."

या मे महिन्यात एका रात्री वहिनींना घेरी आली. पंखा चालू होता, खिडक्या उघड्या होत्या, पण वरचा स्लॅब रात्री अकरा वाजताही भट्टीसारखा होता. डॉक्टरांनी उष्म्याचा त्रास सांगितला. वेळेवर नेलं म्हणून दोन दिवसांत त्या घरी आल्या. मी भेटायला गेलो तेव्हा पुतण्या रागावला नव्हता, पण त्याने एकच प्रश्न विचारला. "काका, तो तुमचा पांढरा रंग कुठे गेला?"

आम्ही वर गेलो. रंग तिथेच होता. कुठे सोललेला नव्हता, भेगही नव्हती, पावसात गळतीही झाली नव्हती. हमी अगदी खरी होती. पण ती हमी गळण्याची आणि सोलण्याची होती, गारव्याची नव्हती. गच्ची पांढरी राहिली नव्हती. ती राखाडी झाली होती, आणि पाण्याच्या टाकीजवळ जिथे पाणी साचतं तिथे तर काळपट. चार वर्षांत तिच्यावरून कुणी नीट झाडूही फिरवला नव्हता, कारण मीच सांगितलं होतं की वर बघायला नको.

आता यातलं शास्त्र थोडक्यात सांगतो. अवघड नाही.

छतावर पडलेल्या उन्हाचं काय होतं ते दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, किती ऊन ते परत फेकतं. याला परावर्तन म्हणू. दुसरी, तापल्यावर आपली उष्णता ते किती सहज बाहेर टाकतं. याला उत्सर्जन म्हणू. चांगला नवा पांढरा लेप रुपयातले ऐंशी पैसे ऊन परत करतो आणि वीस पैसे ठेवून घेतो. नुसतं काँक्रीट, जुनं झालं की, वीस ते तीस पैसे परत करतं, बाकीचं पोटात घालतं. डांबराचं काळं छत तर पाच-दहा पैसेच परत करतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्यांना दिसतच नाही, ती अवरक्त किरणांत असते. त्यामुळे डोळ्यांना पांढरं दिसतं म्हणजे थंड असतंच असं नाही. आपल्याकडे चुन्यात नीळ टाकतात. त्याने भिंत दूधासारखी दिसते, पण तिच्यावरून परतणारं ऊन त्याने वाढत नाही.

आता माझी चूक कुठे झाली ते बघा. समजा, ऐंशी पैसे परत करणारी गच्ची मळून साठ पैसे परत करू लागली. आपण म्हणतो, ठीक आहे, पाव भाग गेला, पाऊण भाग तरी शिल्लक आहे. हा हिशोब चुकीचा आहे. छत काय परत करतं त्याने आपल्याला त्रास होत नाही, ते काय ठेवून घेतं त्याने होतो. आधी ते वीस पैसे ठेवत होतं, आता चाळीस ठेवतं. म्हणजे आत घेतलेली उष्णता दुप्पट झाली.

आकड्यांत सांगतो. भर दुपारी निरभ्र आकाशातून चौरस मीटरवर साधारण हजार वॅट ऊन येतं. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. नवी पांढरी असताना ती साडेअठरा किलोवॅट शोषते, मळल्यावर सदतीस. मधला फरक म्हणजे हजार वॅटच्या अठरा इस्त्र्या गच्चीवर पालथ्या घालून ठेवल्यासारखा. यातली बरीच उष्णता वाऱ्याने आणि आकाशाकडे निघून जाते हे खरं, पण उरलेली स्लॅबमध्ये उतरते. आणि काँक्रीट ती लगेच आत सोडत नाही. दुपारी घेतलेली उष्णता खाली पोचायला काही तास लागतात. म्हणून वरच्या मजल्याची खोली दुपारपेक्षा संध्याकाळी आणि रात्री जास्त छळते. वहिनींना घेरी रात्री का आली, याचं उत्तर यात आहे.

छत मळतं म्हणजे नेमकं काय होतं? चार-पाच गोष्टी एकदम होतात. पहिली धूळ. आपल्या दख्खनची माती लोहयुक्त, लालसर-तपकिरी. ती ऊन शोषते. दुसरी काजळी, डिझेलच्या धुराची आणि जाळलेल्या कचऱ्याची. ती वजनाने अगदी थोडी असते, पण काळेपणात सगळ्यांवर ताण करते. तिसरी, झाडांचा चिकट स्राव, सडलेला पाचोळा, पक्ष्यांची विष्ठा. चौथी, जिथे ओल टिकते तिथे शेवाळ आणि बुरशी. आणि पाचवी, खुद्द ऊन. अतिनील किरणांनी रंगातला बांधून ठेवणारा घटक हळूहळू तुटतो, पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि खडबडीत पृष्ठभागाला धूळ जास्त धरते. उत्सर्जनावर मात्र या सगळ्याचा फारसा परिणाम होत नाही. मळका रंगही तापल्यावर उष्णता पूर्वीइतकीच सहज बाहेर टाकतो. नुकसान होतं ते परावर्तनाचं.

हे किती लवकर होतं, हे ऐकून मी स्वतः चपापलो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या छतांची मापं घेऊन १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षात परावर्तन सरासरी पंधरा पैशांनी उतरलं, आणि त्यातली बहुतेक घट पहिल्या दोन महिन्यांतच झाली. म्हणजे छत दरवर्षी थोडं थोडं म्हातारं होत नाही. ते सुरुवातीलाच झपाट्याने मळतं, आणि मग जवळजवळ तिथेच थांबतं. त्याच अभ्यासातली चांगली बातमी अशी, की धुतल्यावर बहुतेक छतांचं परावर्तन मूळच्या नव्वद ते शंभर टक्क्यांपर्यंत परत आलं. म्हणजे बहुतेक वेळा छत म्हातारं झालेलं नसतं, नुसतं पारोसं असतं.

अमेरिकेत छताच्या मालाची नोंद करणारी कूल रूफ रेटिंग काउन्सिल नावाची संस्था आहे. ती डब्यावरचा पहिल्या दिवसाचा आकडा घेऊन थांबत नाही. मालाचे तुकडे तीन ठिकाणी तीन वर्षं उघड्यावर ठेवले जातात: दमट मायामीजवळ, कोरड्या फिनिक्सजवळ आणि थंड, कारखान्यांच्या ओहायो राज्यात. मग तीन वर्षांनंतरचा आकडाही प्रसिद्ध होतो. तीन वर्षं थांबणं कंपन्यांना जड जातं, म्हणून बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतली एक पद्धतही बसवली. माती, काजळी, सेंद्रिय मळ आणि क्षार यांचं मिश्रण फवारायचं, ऊन-पाण्याच्या यंत्रात ठेवायचं, आणि तीन वर्षांचं मळणं तीन दिवसांच्या आत बघायचं.

ज्या लेपाचं तीन वर्षांचं माप उपलब्ध नसेल, त्याच्यासाठी कॅलिफोर्नियाच्या इमारत नियमांत एक सोपा हिशोब आहे. नव्या आकड्यातून वीस वजा करा, उरलेल्याचे पासष्ट टक्के धरा, आणि वीस परत मिळवा. ऐंशीतून वीस गेले साठ, साठचे पासष्ट टक्के एकोणचाळीस, अधिक वीस, झाले एकोणसाठ. हे वीस म्हणजे साधारण मळाचं स्वतःचं परावर्तन. प्रत्येक छताला काळ त्याच्याकडे ओढत नेतो. गंमत म्हणजे अगदी काळं डांबरी छत धुळीने थोडं उजळतंसुद्धा. धूळ पांढऱ्याला मळवते आणि काळ्याला उजळवते, सगळ्यांना एका रंगात आणून बसवते.

आता आपल्या भाग्यनगराकडे येऊ. इथे पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत, फार तर ऑक्टोबरपर्यंत. पाऊस हा छताचा फुकटचा धोबी. दसऱ्याला गच्ची बऱ्यापैकी स्वच्छ असते. त्यानंतर मात्र सात महिने तिच्यावर धूळ बसत राहते. थंडीतलं दव ती धूळ ओली करून चिकटवतं. संक्रांतीच्या पतंगांबरोबर आपण वर जातो, पायांनी ती आणखी दाबतो. आणि एप्रिल-मे येतो तेव्हा, जेव्हा छत सगळ्यात पांढरं असायला हवं, नेमकं तेव्हा ते सगळ्यात मळकं असतं. मृगाचा पाऊस येऊन ते धुतो, पण तोवर उन्हाळा संपलेला असतो.

आपण घराची रंगसफेदी दसरा-दिवाळीला करतो. भिंतींसाठी ते बरोबर आहे, पाहुणे येतात. पण छताकडे पाहुणा येतो तो चैत्रात, आणि त्याचं नाव सूर्य. म्हणून माझं सांगणं साधं आहे: भिंतींची सफेदी दिवाळीला, छताची धुलाई पाडव्याआधी.

इथे बसलेल्या अनेकांची भावंडं, लेकी-सुना गोव्यात, इंदूरला, बडोद्याला, बेळगावला आहेत. तिथली छतं वेगळी, म्हणून त्यांच्याबद्दलही थोडं सांगतो.

कौलं. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला काढला, आणि ती कौलं कोकण, गोवा, बेळगाव सगळीकडे पोचली. नवं कौल लाल, मध्यम परावर्तनाचं. गोव्याच्या पावसात चार वर्षांत ते शेवाळाने काळं पडतं आणि जास्त ऊन खातं. पण कौलारू घराला उताराचा आणि फटींतून खेळणाऱ्या हवेचा आधार असतो, म्हणून त्याचा त्रास सपाट स्लॅबइतका होत नाही. तिथे सफाई पावसाळ्यानंतर, शेवाळ सुकलं की करायची.

लोखंडी पत्रा. हा वेगळाच प्राणी. नवा जस्ताचा पत्रा चकचकीत असतो, बरंच ऊन परत फेकतो. तरी हात लावला तर चटका बसतो. का? कारण चकचकीत धातू उष्णता बाहेर टाकण्यात कंजूष असतो. त्याचं उत्सर्जन कमी. थोडं जरी ऊन आत घेतलं तरी ते त्याला सोडवत नाही. पुढे जस्त निस्तेज होतं, परावर्तन उतरतं. मग गंज चढतो आणि पत्रा ऊन पिऊ लागतो. गंजका पत्रा उष्णता बाहेर टाकतो चांगली, पण टाकतो ती दोन्हीकडे, वर आकाशाकडे आणि खाली आपल्या डोक्यावर. पत्र्याला गंज खरवडून, प्रायमर मारून पांढरा रंग दिला तर दोन्ही दोष जातात.

सिमेंटचे जुने पत्रे. त्यांच्याबद्दल एक इशारा. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ते काळे पडले म्हणून तारेच्या ब्रशने किंवा जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने अजिबात घासू नका. त्याचे तंतू हवेत उडून फुप्फुसात जातात. त्यांच्यावर चढूही नका, ते अचानक तुटतात. तशा छताखाली आतून छत घालणं किंवा पत्रे जाणकाराकडून बदलून घेणं बरं.

आणि बडोदेकरांची चायना मोझेक, म्हणजे चकचकीत फरशीचे पांढरे तुकडे बसवलेली गच्ची. बसवायला खर्च येतो, वजनही वाढतं. पण वातावरणाशी तोंड द्यायला ती फार चांगली, कारण काचेसारख्या पृष्ठभागाला धूळ घट्ट धरत नाही आणि उन्हाने तो खराबही होत नाही. मळतात त्या सांध्यांच्या रेषा. बादलीभर पाणी आणि खराटा, एवढ्यावर ती पुन्हा उजळते.

आता चुन्याबद्दल. मेस्त्री त्याला सुन्नम् म्हणतो, आपण चुना म्हणतो. ताजा चुना पांढऱ्या महागड्या रंगाच्या तोडीला तोड ऊन परत करतो, आणि खर्च अगदी किरकोळ. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो दगडासारखा होतो. त्याचा दोष एकच, एका-दोन पावसाळ्यांत तो धुऊन जातो. आजवर मी हा दोषच समजत होतो. आता तसं वाटत नाही. चुना वाहून जाताना मळही घेऊन जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात आपल्याला पुन्हा कुंचा हातात घ्यायला लावतो.

हे मला शिकवलं वहिनींनी. मी गच्चीवरून खाली येऊन त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं." त्या हसल्या. त्यांचं माहेर नांदेड जिल्ह्यातलं. म्हणाल्या, "आमच्या घराला माळवद होतं. दरवर्षी पावसाच्या आधी वडील त्यावर पांढरी माती टाकायचे, धुम्मस करून घ्यायचे. माळवद म्हटलं की दरसालचं काम आलंच. तुम्ही म्हणालात, या रंगाला दहा वर्षं काही लागत नाही, तेव्हाच मला खटकलं होतं. पण भाऊजी इंजिनिअर, मी काय बोलणार?"

मराठवाड्यातून आलेल्या आपल्या सगळ्यांच्या घरी हे माळवद होतं. मराठवाडा आणि हे शहर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. आपले आजे-पणजे तिथून इथे नोकरीला, शिक्षणाला आले. त्यांना परावर्तन हा शब्द ठाऊक नव्हता. पण छत ही एकदा करून विसरायची वस्तू नाही, तिला वर्षातून एकदा माणसाचा हात लागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही इंजिनिअरांनी सिमेंट आणलं आणि ती सवय मोडली.

सरकारकडेही यात बघण्यासारखं आहे. आपल्या तेलंगणाने २०२३ साली शीत छताचं धोरण आणलं. पाच वर्षांत राज्यात तीनशे चौरस किलोमीटर छत थंड करायचं त्याचं उद्दिष्ट आहे. सरकारी आणि व्यावसायिक इमारतींना ते सक्तीचं, घरांपैकी ६०० चौरस गज आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या घरांना सक्तीचं, बाकीच्यांना ऐच्छिक. अतिशय चांगलं पाऊल. आपल्याच शहराच्या परिसरातल्या दोन व्यावसायिक इमारतींवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पांढऱ्या लेपामुळे, आधी काळं असलेल्या छताखाली वातानुकूलनाची वीज १४ ते २६ टक्के वाचली, आणि नुसत्या काँक्रीटच्या छताखाली १० ते १९ टक्के. तेव्हा पांढरा रंग निरुपयोगी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मळलेला पांढरासुद्धा उघड्या काँक्रीटपेक्षा बराच बरा. वहिनींची गच्ची रंग नसता तर याहून तापली असती.

पण एक उणीव सांगतो. देशाच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत सपाट शीत छतासाठी साठ टक्के परावर्तन मागितलं आहे, आणि ते सुरुवातीचं, म्हणजे नव्या छताचं. कॅलिफोर्नियात सपाट छताच्या व्यावसायिक इमारतींना त्रेसष्ट टक्के मागतात, पण तीन वर्षं ऊन-पाऊस खाल्ल्यानंतरचं. पहिल्या दिवशी वधू सजलेली असतेच. संसार तीन वर्षांनी बघायचा असतो. म्हणून रंग घ्यायला दुकानात जाल तेव्हा नवा आकडा विचारा, पण त्यानंतर तीन वर्षांनंतरचा आकडाही विचारा. दुकानदार गोंधळला तरी विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्यासाठी तो डब्यावर छापून येईल.

आता प्रत्यक्ष करायचं काय, ते सांगून संपवतो.

एक. फाल्गुनात, होळीच्या आसपास, गच्ची आधी कोरडी झाडून घ्या. निम्मा मळ झाडूनेच जातो आणि पाणी वाचतं. आपल्याकडे मार्चमध्ये पाण्याची टंचाई असते हे विसरून चालणार नाही.

दोन. मग बादलीत थोडा सौम्य साबण, नायलॉनचा मऊ ब्रश, आणि हाताने घासणं. तारेचा ब्रश नको, तो लेपच खरवडतो. नळी सोडून द्यायची गरज नाही, ओल्या फडक्याने पुसत गेलं तरी चालतं.

तीन. धूळ नुसत्या पाण्याने जाते, काजळीला घासावं लागतं. शेवाळाचे काळे डाग मात्र साबणाने जात नाहीत. तिथे ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी लावून थोड्या वेळाने धुवा. हातमोजे घाला, कुंड्या बाजूला करा, आणि ब्लीचिंगमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरं काही कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पावसाचं पाणी साठवत असाल तर त्या दिवशी टाकीचा पाइप बंद ठेवा.

चार. जिथे पाणी साचतं तिथे उतार दुरुस्त करून घ्या. साचलेलं पाणी सुकतं तेव्हा मळाचं कडं सोडून जातं, आणि शेवाळाचं मूळ तिथेच असतं. वर ठेवलेल्या मोडक्या खुर्च्या, जुने टायर, फुटकी मडकी काढून टाका. ती सावली देत नाहीत, मळ साठवतात.

पाच. धुऊनही गच्ची पिवळट किंवा भुसभुशीत दिसली, हाताला पांढरी पूड लागली, तर लेप खरोखर म्हातारा झाला. मग एक नवा हात द्या. रंगाला पैसे नसतील तर चुन्याचे दोन हात द्या, आणि दरसाल द्या.

वहिनींच्या गच्चीवर आम्ही हेच केलं. पुतण्या, त्याची मुलगी आणि मी. मुद्दाम आधी अर्धीच गच्ची धुतली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता नातीला म्हणालो, चप्पल काढून दोन्हीकडे पाय ठेवून बघ. मळक्या भागावर तिने पाय टेकवला आणि झटकन उचलला. धुतलेल्या भागावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, इथे उभं राहता येतं." माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा हे वाक्य पुतण्याला जास्त पटलं. उरलेली अर्धी त्याने त्याच संध्याकाळी धुतली.

धुतलेली गच्ची म्हणजे वातानुकूलन यंत्र नव्हे, हेही सांगतो. कडक उन्हाळ्यात वयस्कर माणसाला पाणी, ओलं फडकं, वारा आणि कुणीतरी रोज चौकशी करणारं लागतंच. पण निदान डोक्यावरचा स्लॅब तरी वैरी होऊ नये.

शेवटी मंडळाकडे एक मागणं. आपले तरुण कार्यकर्ते गणपतीत दहा दिवस मांडव उभारतात, रात्र-रात्र जागतात. मला त्यांचा फाल्गुनातला एकच रविवार हवा आहे. आपल्या सभासदांपैकी सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी इथल्या जुन्या घरांत वरच्या मजल्यावर एकटी राहणारी वयस्कर माणसं किती आहेत, त्यांची यादी चिटणीसांकडे तयार असते. वर्गणीच्या वेळी आपण त्यांच्या दाराशी जातोच. एक रविवार खराटा, ब्रश आणि बादली घेऊन त्यांच्या गच्चीवर जाऊ. एका गच्चीला चार माणसं आणि दोन-तीन तास पुरतात. जिने चढायला जमेल तोवर पहिल्या चमूत माझं नाव लिहा. पहिली गच्ची कुणाची घ्यायची, ते वहिनींनी सांगितलंय. त्यांच्या समोरच्या वाड्यात त्यांची मैत्रीण राहते. वय त्र्याऐंशी, वर पत्रा.